पंधरा वॅट पुरतात का?

या विषयाच्या दाराशी येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न घेऊन येतो: माझा ॲम्प पंधरा वॅटचा आहे, गिगला पुरेल का? कोणाचा पाच वॅटचा असतो, कोणाचा वीसचा, प्रश्न तोच. घरी हाच ॲम्प तीनच्या पुढे नेला की शेजारी बेल वाजवतात. तोच ड्रम, बेस आणि कीबोर्डच्या मध्ये नेऊन ठेवला की नॉब दहापर्यंत फिरवूनही वाजवणाऱ्याला स्वतःचं वाजवणं ऐकू येत नाही. मग बँडमधलाच कोणीतरी सांगतो, 'शंभर वॅटचा घेऊन टाक.' हे पुस्तक त्या सल्ल्यानंतर आणि पैसे मोजण्याआधी वाचायचं आहे.

विषय वरवर किरकोळ वाटेल. पण त्यात शिरलं की विद्युतशास्त्र, स्पीकरची रचना, बंद जागेतलं ध्वनीचं वागणं आणि माणसाचा कान या सगळ्यांशी गाठ पडते. बँडमधल्या माणसांचं आपापसांतलं वागणं हे काही शास्त्र नव्हे, पण निम्मे निकाल तिथेच लागतात. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात हे सगळं एकत्र शिकवत नाहीत, संगीताच्या क्लासातही नाही. त्यामुळे हे ज्ञान आजवर दुकानाच्या काउंटरवर, रिहर्सलच्या खोलीत आणि साउंडचेकच्या घाईत तोंडी फिरत आलं. त्यात अस्सल अनुभव आहे, तसाच ऐकीव भरणाही भरपूर आहे. माझं मत आधीच सांगून ठेवतो: छोटा ॲम्प कमी पडतो तेव्हा बहुतेक वेळा तो वॅटमुळे कमी पडत नसतो. त्याचा आवाज स्पीकरमध्ये, ॲम्प ठेवायच्या जागेत, टोनच्या नॉबमध्ये किंवा बाकीच्यांच्या गोंगाटात हरवलेला असतो. वॅट खरोखरच कमी पडतात अशीही एक परिस्थिती आहे, तिच्याकडे येऊच.

सुरुवात थोड्या गणिताने करू, आणि ते लवकर संपवू. ॲम्पचे वॅट दुप्पट केले की ध्वनीची पातळी ३ डेसिबलने वाढते. एवढी वाढ कानाला कळते, पण कोणी दचकत नाही. आवाज 'दुप्पट झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणजे ५ वॅटच्या ॲम्पहून दुप्पट मोठा वाटणारा ॲम्प १० वॅटचा नसतो, ५० वॅटचा असतो. १५ वॅटवरून १०० वॅटवर उडी मारली तर हाती येतात जेमतेम ८ डेसिबल. किंमत कितीतरी पट, वजन पाठ मोडणारं, आणि आवाज दुप्पटही नाही. हा एवढा हिशेब ज्याच्या मनात पक्का बसला, त्याला पुढचं सगळं सोपं जाईल.

आता स्पीकरकडे वळू, कारण या विषयात सगळ्यात दुर्लक्षित वस्तू तीच आहे. वॅट हा ॲम्पच्या आत तयार होणाऱ्या विजेचा आकडा. ती वीज हवेत ध्वनी होऊन उतरते ती स्पीकरमधून, आणि हे काम स्पीकर मोठ्या उधळपट्टीने करतो. चांगल्यातला चांगला गिटार स्पीकरसुद्धा मिळालेल्या विजेतली पाच-सहा टक्केच ध्वनीत बदलतो. उरलेली व्हॉइस कॉइलमध्ये उष्णता होऊन जाते. कोणता स्पीकर किती काटकसरी, हे मोजायची एक रीत ठरलेली आहे: एक वॅट वीज द्यायची आणि एक मीटरवर पातळी मोजायची. हीच स्पीकरची संवेदनशीलता. सेलेस्टियन कंपनीच्या ग्रीनबॅकची संवेदनशीलता ९८ डेसिबल आहे, व्हिंटेज ३० ची १००. छोट्या प्रॅक्टिस ॲम्पमधले सहा किंवा आठ इंची स्वस्त स्पीकर बरेचदा ९४ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतात.

हे आकडे शेजारी ठेवून पाहा. १५ वॅटचा ॲम्प आणि १०० डेसिबलचा स्पीकर: एक मीटरवर सुमारे ११२ डेसिबल. ५० वॅटचा ॲम्प आणि ९४ डेसिबलचा स्पीकर: सुमारे १११. कागदावर तिपटीहून मोठा असलेला ॲम्प प्रत्यक्षात एक डेसिबलने मागेच राहतो. म्हणून आपल्या कॉम्बोतला मंद स्पीकर काढून त्याच ओहमचा, त्याच मापाचा, पण तीन-चार डेसिबलने जास्त संवेदनशील स्पीकर बसवणं म्हणजे अक्षरशः वॅट दुप्पट करणं आहे, आणि तेही नव्या ॲम्पच्या किमतीच्या तुलनेत फारच थोड्या खर्चात. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये डार्टफर्डच्या जेनिंग्ज कंपनीने व्हॉक्स एसी-१५ काढला; पुढे त्या घराण्याची ओळख बनलेला सेलेस्टियनचा 'ब्लू' स्पीकर होता १०० डेसिबलचा. एसी-१५ आपल्या वॅटच्या मानाने एवढा खणखणीत का वाजतो, याचं बरंचसं उत्तर त्या निळ्या लोहचुंबकात आहे.

ट्यूबचे वॅट ट्रान्झिस्टरच्या वॅटपेक्षा मोठे असतात, अशी एक श्रद्धा आपल्याकडे पक्की आहे. वॅट म्हणजे वॅट, त्यात जातपात नाही. तरीही या श्रद्धेला आधार आहे. ॲम्पवर छापलेला आकडा आवाज फाटायला लागण्याच्या आधीचा असतो. ट्रान्झिस्टरचा ॲम्प त्या रेषेपलीकडे गेला की कानाला टोचतो, म्हणून वाजवणारा अलीकडेच थांबतो. ट्यूबचा ॲम्प त्या रेषेपलीकडे हळूहळू, गोड फाटत जातो. गिटारवाल्याला तो फाटलेला आवाजच हवा असतो, म्हणून तो बिनधास्त पुढे जातो आणि छापलेल्या आकड्याहून जास्त वीज स्पीकरला देतो. शिवाय ट्यूब ॲम्पची स्पीकरवरची पकड सैल असते. त्यामुळे स्पीकर स्वतःच्या कंपनांच्या जागी आणि वरच्या पट्टीत थोडा उसळतो, आणि तेवढ्याने आवाज भरीव वाटतो. दोन्ही कारणं खरी आहेत. त्यात जादू मात्र नाही.

मग शंभर वॅटचा ॲम्प आला कुठून? याचा इतिहास मुद्दाम सांगायला हवा, कारण आजचे बरेच गैरसमज त्या काळाचे आहेत. गिटारवाला चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या जॅझ बँडमध्ये आला, तेव्हा त्याच्यामागे गिब्सनचा ईएच-१५० होता, साधारण पंधरा वॅटचा. नावातले १५० हे वॅट नव्हेत. गिटार आणि ॲम्पच्या जोडीची डॉलरमधली किंमत ती. तेवढ्या विजेवर त्याने क्लॅरिनेट आणि व्हायब्राफोनच्या बरोबरीने सोलो वाजवले आणि गिटारला जॅझच्या पुढच्या रांगेत आणून बसवलं. वीस वर्षांनी चित्र बदललं. इंग्लंडमध्ये शॅडोजसारख्या बँडसमोर किंचाळणारे प्रेक्षक येऊ लागले, १५ वॅट बुडायला लागले, आणि व्हॉक्सने दोन स्पीकरचा एसी-३० काढला. १९६५ च्या सुमारास 'द हू'च्या पीट टाउनशेंड आणि जॉन एंटविसल यांनी लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शलच्या दुकानात आणखी मोठ्या ॲम्पची मागणी लावून धरली. तिथून शंभर वॅटचा मार्शल आणि त्याखालची स्पीकरची भिंत उभी राहिली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला बीटल्सनी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांहून जास्त लोकांसमोर वाजवलं. गिटार शंभर वॅटच्या व्हॉक्समधून, आणि गाणं स्टेडियमच्या निवेदनासाठी बसवलेल्या स्पीकरमधून! कोणालाच धड ऐकू आलं नाही, बीटल्सना स्वतःलाही नाही.

यातली कळीची गोष्ट ही, की त्या काळात पीए, म्हणजे श्रोत्यांपर्यंत आवाज नेणारा ध्वनिसंच, होता तो फक्त गळ्यासाठी. गिटारच्या ॲम्पसमोर माइक लावून तो आवाज सभागृहात पसरवायची पद्धत अजून रुळली नव्हती. शेवटच्या रांगेपर्यंत गिटार पोचवायचं काम ॲम्पलाच करावं लागे, म्हणून ॲम्प फुगले. साठचं दशक संपता संपता मोठे पीए आले. १९६९ च्या वुडस्टॉकला बिल हॅन्लीने मोठ्या मैदानासाठी ध्वनियंत्रणा उभी केली, आणि पुढच्या काही वर्षांत स्टेजवरचं प्रत्येक वाद्य मिक्सरमधून जाऊ लागलं. शंभर वॅटची गरज तिथेच संपली. भिंत मात्र उभी राहिली, कारण एव्हाना ती पोस्टरचा भाग झाली होती. नील यंग अजूनही १९५९ सालचा फेंडर डिलक्स, म्हणजे पंधराच्या आसपास वॅटचा ॲम्प, भल्यामोठ्या मैदानांत वाजवतो. आवाज पीए पोचवतो. डिलक्सने फक्त सूर द्यायचा.

आपल्याकडे मात्र हा इतिहास सरळ रेषेत घडलेला नाही. मुंबई-पुण्याच्या बऱ्या क्लबात आणि गोव्याच्या मोठ्या लग्नांत चांगला पीए आणि माइक लावणारा साउंडवाला मिळतो. तालुक्याच्या मंगल कार्यालयात किंवा सोसायटीच्या गणपतीत मिळतो अहुजाचा मिक्सर-ॲम्प्लिफायर, दोन कॉलम आणि तीन माइक, तिन्ही गायक-निवेदकांसाठी. अशा स्टेजवर गिटारवाला आजही १९६३ मध्ये उभा असतो, आणि त्याच संध्याकाळी मोबाइलवर पाहिलेल्या परदेशी गिटारवाल्याचा सल्ला त्याला तिथे लागू पडत नाही. म्हणून या पुस्तकातला कोणताही उपाय वाचताना आधी एक प्रश्न विचारायचा: समोरच्या लोकांपर्यंत गिटार कोण नेणार, ॲम्प की पीए? उत्तरानुसार सगळं बदलतं.

कानाचं प्रकरण पुस्तकात सगळ्यात लांबलं आहे, आणि मला स्वतःला तेच सगळ्यात प्रिय आहे. १९३३ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की कान सगळ्या स्वरपट्ट्या सारख्या ऐकत नाही. तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास तो सगळ्यात तीक्ष्ण असतो. खालचे स्वर हळू वाजले तर तो त्यांच्याकडे जवळजवळ काणाडोळा करतो, आणि आवाज वाढत गेला तसतसे ते त्याला भरभरून ऐकू येतात. याचा गिटारवाल्याला बसणारा फटका असा. रात्री घरी हळू आवाजात तो टोन लावतो. बेस कमी वाटतो म्हणून बेस वाढवतो, चमक हवी म्हणून ट्रेबल वाढवतो, आणि मधला मिड खाली घेतो, कारण एकट्याने ऐकताना मिड नाकातून बोलल्यासारखा वाटतो. टोन रेकॉर्डसारखा गोड लागतो. गिगला हाच टोन मोठा केला की बेस फुगतो आणि थेट बेस गिटार आणि किक ड्रमच्या अंगावर जाऊन पडतो; ट्रेबल झांजांच्या झगमगाटात विरघळतो; आणि गिटारची हक्काची जागा, साधारण चारशे हर्ट्झपासून तीन हजारांपर्यंतची, आपणच रिकामी करून ठेवलेली असते. ॲम्पची निम्मीअधिक वीज अशा स्वरांवर खर्च होते जे कोणाला ऐकू येणारच नसतात.

गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर ८२ हर्ट्झला बोलते, बारीक तार ३३० ला. बँडमध्ये त्या ८२ चं फार अप्रूप नको. बेस गिटार तिथे आहेच. ॲम्पवरचा बेस बाराच्या काट्यावरून नऊच्या काट्यावर आणा, मिड दोनच्या काट्यापर्यंत चढवा, गेन थोडा उतरवा आणि मास्टर वाढवा. एकट्याने ऐकलं तर हा टोन रुक्ष, काहीसा कर्कश वाटेल. ड्रमर सुरू झाला की तोच टोन गर्दीतून वाट काढत पुढे येईल. गेन उतरवायचं कारणही कानाशीच जोडलेलं आहे. फार गेन असला की आवाजातले चढउतार चेपले जातात, तार छेडल्याचा ठोका बोथट होतो, आणि कानाला धरायला टोकच सापडत नाही. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमर या हिरव्या पेडलला एवढं नाव का मिळालं, याचं साधं कारण तो साधारण सातशे हर्ट्झच्या आसपासचा मिड पुढे ढकलतो हे आहे. छोट्या ॲम्पला तो वॅट देत नाही. असलेले वॅट कामाला लावतो.

ॲम्प कुठे ठेवायचा हा मुद्दा यामानाने छोटा, पण हात लावल्याबरोबर फळ देणारा. बारा इंची स्पीकर वरच्या स्वरांना टॉर्चच्या झोतासारखा समोर फेकतो. झोतात उभ्या असलेल्याला आवाज चिरत जातो, बाजूच्याला धूसर ऐकू येतो. ॲम्प जमिनीवर, वाजवणारा त्याच्यापासून दोन पावलांवर, म्हणजे झोत गुडघ्याखालून निघून जातो आणि थेट पहिल्या रांगेतल्या बिचाऱ्यांच्या तोंडावर आदळतो. वाजवणारा म्हणतो, ऐकू येत नाही, आणि आवाज वाढवतो. पहिली रांग कानावर हात ठेवते. फेंडरने आपल्या बऱ्याच ॲम्पना मागे कलवायचे पाय दिले ते यासाठीच. पाय नसतील तर कोल्ड्रिंकचा रिकामा क्रेट किंवा मजबूत खुर्ची चालते. ॲम्प छातीच्या उंचीवर आणा, किंवा खालीच ठेवून तोंड वर करा, आणि स्वतःच्या कानाशी झोत जुळवा. जमिनीवरून उचलल्याने बेस थोडा कमी होतो, आणि वरचा कानाचा हिशेब लक्षात असेल तर ते बरंच म्हणायचं. मागून उघड्या कॉम्बोला भिंतीपासून हातभर पुढे ठेवलं तर मागून निघणारा आवाज भिंतीवर आपटून मदतीला येतो.

हॉलचं वागणं वेगळंच. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. बंद हॉलमध्ये एवढी गळती होत नाही, कारण भिंती आवाज परत पाठवतात; पण फरशी, काच आणि पत्र्याच्या छपराखाली परत आलेला आवाज इतका गढूळ असतो की वाढवलेला प्रत्येक डेसिबल गढूळपणातच भर घालतो. आणि साउंडचेकच्या वेळी रिकामा असलेला हॉल लोक भरले की वरचे स्वर पिऊन टाकतो. दुपारी साडेचारला लावलेला ट्रेबल रात्री आठला पुन्हा पाहावाच लागतो.

आता माणसं. ड्रम हे स्टेजवरचं एकमेव वाद्य ज्याला व्हॉल्यूमचा नॉब नाही. जोरात मारलेला स्नेअर एक मीटरवर शंभर डेसिबल सहज ओलांडतो, आणि बाकी सगळा बँड त्याच्या मागे धावतो. बेसवाला वाढवतो, मग कीबोर्डवाला, मग गिटारवाला, मग गायकाला मॉनिटरमध्ये काही ऐकू येत नाही, मग मॉनिटर वाढतो आणि शिट्टी घालतो. या शर्यतीत १५ वॅटचा ॲम्प सगळ्यात आधी दमतो, म्हणून दोष त्याच्यावर येतो. ड्रमरने जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांची जुडी घेतली, कीबोर्डवाल्याने डावा हात आवरला, दोन गिटारवाल्यांनी एकाच पट्टीत एकच कॉर्ड वाजवणं सोडलं, तर ॲम्पला न शिवता तो 'मोठा' होतो. हे सांगायला अवघड जातं, विशेषतः ड्रमरला. तरी सांगावं. चांगला बँड वाजवण्याइतकाच न वाजवण्यावर ओळखला जातो, हे आपल्या ऑर्केस्ट्रातले जुने अरेंजर पक्कं जाणून होते. त्यांच्या काळात एका-दोन माइकभोवती अख्खा ताफा बसायचा.

पीए असेल तर छोट्या ॲम्पचा प्रश्न जवळपास सुटतोच. श्यूर कंपनीचा एसएम-५७ हा १९६५ पासूनचा माइक, किंवा त्याच्यासारखा कोणताही साधा डायनॅमिक माइक, स्पीकरच्या जाळीला लावून ठेवायचा. नेमका कुठे, यात कसब आहे. कोनच्या मधोमध रोखला तर आवाज धारदार, काठाकडे सरकवला तर मऊ; दोन बोटांच्या सरकण्याने जेवढा फरक पडतो तेवढा मिक्सरवरचे नॉब फिरवूनही पडत नाही. अहुजाच्या दोन कॉलमवरही हे जमतं, असं सांगितलं की लोक अविश्वासाने पाहतात. पण गिटारचा पल्ला गळ्याच्या पल्ल्याशी बराच जुळतो, आणि कॉलम बनलेले असतात गळ्यासाठी. किक ड्रम त्यांच्यातून जाणार नाही, गिटार छान जाईल. एक माइक जादा मागून घ्या. ॲम्प न नेता पेडल थेट मिक्सरला लावायचा मोह मात्र आवरा, निदान त्या पेडलमध्ये कॅबिनेटचं अनुकरण करणारी सोय नसेल तर. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं सगळं गाळून टाकतो. हे गाळणं चुकवून फाटलेला आवाज सरळ पीएतून सोडला की मधमाश्यांचं पोळं उठतं.

दोन यंत्रणा एकत्र आल्या की विजेची काळजीही दुप्पट घ्यायची. ॲम्प एका प्लगवर, पीए दुसऱ्या फेजवर, अर्थिंग कोणाचंच धड नाही, आणि वाजवणाऱ्याचा हात तारांवर आणि ओठ माइकवर: ही स्थिती जीवघेणी आहे. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवाला लेस हार्वी १९७२ मध्ये स्वान्सीच्या स्टेजवर असाच विजेचा धक्का बसून गेला. ॲम्पची अर्थची पिन कापून घरघर घालवण्याची युक्ती कोणी सांगितली तर त्याच्याकडून दुसरा कोणताही सल्ला घेऊ नका. जनरेटरवर व्होल्टेज २३० वरून १९० वर आलं तर ट्यूब ॲम्पचा आवाज साधारण दीड-दोन डेसिबलने बसतो आणि लवकर फाटतो. ते खपवून घेता येतं. अर्थिंगच्या बाबतीत खपवून घेण्यासारखं काही नाही. आणि ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये, हे ज्याला माहीत नाही त्याने पुस्तकाचं दुसरं प्रकरण आधी वाचावं.

आता ती कबूल केलेली परिस्थिती. छोट्या ॲम्पची खरी मर्यादा आहे ती स्वच्छ आवाजाची. फाटलेल्या आवाजासाठी १५ वॅट भरपूर आहेत. एरिक क्लॅप्टन आणि ड्वेन ऑलमन यांनी १९७० मध्ये मायामीत 'लैला'चं रेकॉर्डिंग छोट्या फेंडर ॲम्पवर केलं, ही गोष्ट गिटारवाल्यांत प्रसिद्धच आहे. पण ज्याला फंक वाजवायचं आहे, कंट्रीतल्या काचेसारख्या नितळ तारा हव्या आहेत, हिंदी गाण्यातले पिकिंगचे स्वच्छ तुकडे हवे आहेत, आणि मागे जोरकस ड्रमर आहे, आणि पीएमधून गिटार जाणार नाही, त्याला १५ वॅट पुरत नाहीत. तारेच्या ठोक्याचं टोक सरासरी आवाजाच्या कितीतरी वर जातं, आणि ते टोक फाटू नये म्हणून मोकळी जागा लागते. ती वॅटमधूनच मिळते. अशा माणसाने आधी जादा स्पीकर कॅबिनेट जोडून पाहावं. दोन स्पीकर मिळून खालच्या स्वरांत तेवढ्याच विजेवर ३ डेसिबलपर्यंत जास्त देतात. मात्र दोन आठ ओहमचे स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात, आणि ॲम्पला ते चालतात का हे पाहूनच जोडायचे. तेवढ्याने भागलं नाही तर मोठा ॲम्प घ्यावा, आणि तो घेताना अपराधी वाटून घेऊ नये. भाड्याने मिळणारा रोलंडचा जॅझ कोरस १९७५ पासून याच कामासाठी जगभर उभा आहे.

शेवटच्या भागात कायदा आणि कान आहेत. वाचकांना हा भाग रुक्ष वाटण्याची भीती प्रकाशकांना होती, मला नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. मुंबईत १९८६ पासूनचा इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव ज्या रंगभवनात गाजला, तिथले कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमापुढे थांबले. या शहरात स्टेजवर कमी आवाजात चांगलं वाजवता येणं ही आता केवळ आवडीची बाब उरलेली नाही. कानाचा हिशेब तर कायद्याहून कडक. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सुचवली आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. एक सेट त्याच्या तिप्पट तरी चालतो. कानात घालायचे फिल्टरवाले प्लग गिटारच्या तारांच्या दोन-तीन सेटच्या किमतीत मिळतात.

पुस्तकाची प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचावीत. ज्याला गणिताचा कंटाळा आहे त्याने स्पीकरपासून सुरुवात करावी, ज्याचा ड्रमर ऐकत नाही त्याने सहाव्यापासून. मात्र पान उलटण्याआधी एक काम करा. ॲम्प बंद करा, प्लग काढा, मागून डोकावून स्पीकरच्या लेबलवरचं मॉडेल आणि ओहमचा आकडा कागदावर लिहून घ्या, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात त्या मॉडेलची संवेदनशीलता पाहा. ती ९५ च्या खाली निघाली, तर नव्या ॲम्पसाठी साठवलेले पैसे तूर्त तसेच राहू द्या.